बारा किल्ले, सात जुळले: पायथनच्या नेस्टेड लिस्टमधली मोकळी जागा साफ करताना

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठा लष्करी भूप्रदेशातल्या १२ किल्ल्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. त्या आठवड्यात आमच्या ट्रेकिंग ग्रुपवर एकच विषय होता. यातले किती किल्ले आपल्या नोंदींत आहेत, असं कुणीतरी विचारलं आणि उत्तर काढायचं काम माझ्याकडे आलं, कारण नोंदींची फाइल मी सांभाळते. बारा नावांची लिस्ट केली, आमच्या यादीशी जुळवली. सात जुळले.

बारावा किल्ला जिंजी. तो तमिळनाडूत आहे आणि आमची यादी महाराष्ट्रापुरतीच, त्यामुळे तो नसणार हे ठरलेलंच होतं. पण साल्हेर, राजगड, लोहगड आणि खांदेरी हे चार नाहीत? राजगडावर तर आमचा ग्रुप दरवर्षी जातो. फाइल उघडली तर चारही नावं डोळ्यांसमोर होती. पायथन म्हणत होतं नाहीत, आणि मला दिसत होतं की आहेत.

पुढे जे घडलं ते सविस्तर लिहिते आहे. नावांना चिकटून जुळणी मोडणारी मोकळी जागा साफ करण्याचं हे काम पाच मिनिटांचं वाटतं, आणि मराठी मजकुरात ते पाच मिनिटांत उरकायला गेलं की मजकूरच बिघडतो. माझा बिघडला होता.

माहिती कशी होती

नोंदी एक्सेलमध्ये ठेवलेल्या. गेल्या काही वर्षांत निदान सहा-सात जणांनी त्यात भर घातलेली, कुणी लॅपटॉपवर टाइप करून, कुणी फोनवर, कुणी वेबपानावरून उचलून. एका किल्ल्याची एक ओळ: नाव, तालुका, उंची, दरवाजे, माच्या, आणि शेवटी वाटेचं वर्णन. दरवाजे आणि माच्या एकाच खणात अर्धविरामाने तोडून लिहायच्या, अशी आमची पद्धत. म्हणजे राजगडाच्या माच्यांच्या खणात ‘सुवेळा; संजीवनी; पद्मावती’.

मी ती फाइल सीएसव्ही, म्हणजे साध्या मजकुराची फाइल, करून पायथनमध्ये वाचली. प्रत्येक ओळीची एक लिस्ट झाली. ज्या खणात अर्धविराम दिसला तो तिथे तोडला, म्हणजे लिस्टच्या आत आणखी एक लिस्ट. मग जिल्ह्यानुसार गट केले, म्हणजे बाहेरून आणखी एक वेढा. जिल्हा, त्यात किल्ला, त्यात माच्या. अर्धविरामानंतर माणूस सवयीने स्पेस देतो, त्यामुळे ‘सुवेळा’ नीट आली आणि ‘संजीवनी’च्या आधी एक मोकळी जागा चिकटून आली.

इथेच माझी एक चूक पेरली गेली होती. खणात अर्धविराम नसेल तर मी तो तोडलाच नाही. तोरण्याच्या नोंदीत कुणीतरी फक्त बिनी दरवाजा लिहिला होता, कोकण दरवाजा राहून गेलेला. त्यामुळे राजगडाचे दरवाजे लिस्ट आणि तोरण्याचा दरवाजा नुसती स्ट्रिंग, म्हणजे सलग मजकूर, असा मिश्र माल तयार झाला.

उंचीच्या खणाने मात्र काहीच त्रास दिला नाही. साल्हेरपुढे मीटरमधली उंची १५६७ अशी देवनागरी अंकांत लिहिलेली होती. मजकुराचा आकडा करणारं पायथनचं इंट देवनागरी अंक थेट वाचतं आणि मागचीपुढची मोकळी जागाही स्वतःच सोडून देतं. हे चांगलंच आहे, पण त्यामुळे खणांत घाण आहे हे मला लवकर कळलंही नाही.

पहिले तीन प्रयत्न

पहिला प्रयत्न लिहायलाही संकोच वाटावा इतका साधा, पण नवशिक्यांच्या कोडमध्ये मी तो इतक्या वेळा पाहिला आहे की सांगायलाच हवा. फॉर लूपमध्ये प्रत्येक नाव घेतलं आणि त्याला स्ट्रिप, म्हणजे टोकांची मोकळी जागा कापणारं फंक्शन, लावलं. लूप पूर्ण चालला, एरर नाही, आणि लिस्ट जशीच्या तशी. पायथनमधली स्ट्रिंग बदलत नाही. स्ट्रिप नवी स्ट्रिंग तयार करून हातात देतं, ती कुठे ठेवली नाही तर हवेत विरते. लूपमधल्या नावाला ती नवी स्ट्रिंग दिली तरी लिस्टला त्याचा पत्ता नसतो, कारण लूपमधलं नाव म्हणजे लिस्टमधला खण नव्हे.

दुसऱ्या वेळी लिस्ट कॉम्प्रिहेन्शन लिहिलं, म्हणजे एका ओळीत नवी लिस्ट बनवणारा लूप. पहिल्याच ओळीत एरर: लिस्टला स्ट्रिप नावाचं काही नसतं. बरोबरच होतं, आत लिस्ट होती. म्हणून कॉम्प्रिहेन्शनच्या आत कॉम्प्रिहेन्शन लिहिलं, आणि दरवाजांच्या खणांवर ते चालवलं. यावेळी एरर आली नाही, आणि तेच जास्त वाईट झालं. राजगडाचे दरवाजे नीट साफ झाले. तोरण्याचा बिनी दरवाजा ११ तुकड्यांत फुटला: ब, मग सुटी वेलांटी, न, सुटी दीर्घ वेलांटी, मग एक रिकामी स्ट्रिंग, मग द, र, व, काना, ज, काना. स्ट्रिंगवरून लूप फिरवला की पायथन एकेक अक्षरचिन्ह देतं, आणि देवनागरीत काना-वेलांट्या ही वेगळी चिन्हं असतात. मधली स्पेस स्ट्रिप होऊन रिकामी झाली होती.

ज्या लिस्टमध्ये काही ठिकाणी स्ट्रिंग आणि काही ठिकाणी लिस्ट असते, तिथे किती पातळ्या आहेत हे आधी गृहीत धरणारं कोड कधी ना कधी असंच फुटतं. म्हणून तिसरा प्रयत्न रिकर्शनचा, म्हणजे स्वतःलाच हाक मारणाऱ्या फंक्शनचा. पायथन ३ मध्ये फंक्शनचं नाव देवनागरीत ठेवता येतं, ते मी ठेवलं. बाकीचे पायथनचे शब्द मराठीत मांडून आराखडा असा:

    स्वच्छ(वस्तू):
        वस्तू स्ट्रिंग असेल तर → स्प्लिट करून, एकेका स्पेसने जॉइन करून परत दे
        वस्तू लिस्ट असेल तर → प्रत्येक भागावर स्वच्छ चालवून नवी लिस्ट परत दे
        नाहीतर → वस्तू आहे तशी परत दे

स्ट्रिंगची तपासणी इझइन्स्टन्सने, म्हणजे वस्तूचा प्रकार विचारून, आणि तीच सगळ्यात आधी. काही जण ‘यावरून लूप फिरवता येतो का’ असं विचारून आत शिरतात. त्यात स्ट्रिंगही सापडते, तिच्यातलं एक अक्षर हीसुद्धा स्ट्रिंगच, त्या अक्षरातलं पहिलं अक्षर पुन्हा तेच. फंक्शन स्वतःला हाक मारत राहतं आणि पायथनच्या नेहमीच्या १००० हाकांच्या मर्यादेला जाऊन आपटतं. शेवटची ‘नाहीतर’ची ओळ उंचीच्या आकड्यांसाठी आणि जिथे उंची लिहिलीच नाही त्या रिकाम्या खणांसाठी.

स्प्लिट (मोकळ्या जागेवर तुकडे करणारं) आणि जॉइन (तुकडे पुन्हा जोडणारं) यांची जोडी मी स्ट्रिपऐवजी मुद्दाम घेतली, कारण ‘सुवेळा’ आणि ‘माची’ यांच्या मधेही कुणी दोन स्पेस दिल्या होत्या आणि स्ट्रिप फक्त टोकं पाहतं. स्प्लिटच्या कंसात काहीही लिहायचं नाही हे महत्त्वाचं. तिथे एक स्पेस लिहिली की ते फक्त साध्या स्पेसवर तोडतं, टॅब आणि नवी ओळ सोडून देतं, आणि दोन स्पेसांच्या मधे रिकामी स्ट्रिंग काढून ठेवतं.

पुन्हा जुळवलं. तरीही सातच. अर्धा तास गेल्यावर लक्षात आलं की शोधाची अनुक्रमणिका मी आधीच बांधून ठेवली होती आणि ती जुन्या लिस्टकडेच बोट दाखवत होती. माझं फंक्शन नवी लिस्ट देतं, जुनीला हात लावत नाही. ही पद्धत मला अजूनही योग्य वाटते, मूळ माल शाबूत राहतो आणि त्याचा पुढे किती उपयोग झाला ते येईलच. पण नव्या लिस्टवरून अनुक्रमणिका पुन्हा बांधायला हवी होती. ती बांधली. नऊ जुळले. राजगडामागे साधी स्पेस होती. लोहगडामागे नॉन-ब्रेकिंग स्पेस होती, म्हणजे तिथे ओळ तुटू न देणारी स्पेस, वेबपानावरून आलेली. पायथन ३ तिलाही मोकळी जागाच मानतं, त्यामुळे दोन्ही एकाच फटक्यात गेल्या.

साल्हेर आणि खांदेरी उरले.

जे दिसत नाही ते

इथे प्रिंट उपयोगाचं नव्हतं. प्रिंट मजकूर जसा दिसायचा तसा दाखवतं, आणि जे दिसत नाही ते दाखवत नाही. रेप्र, म्हणजे अदृश्य चिन्हंही संकेतांत लिहून दाखवणारं फंक्शन, लावल्यावर साल्हेरच्या आधी एक सांकेतिक खूण उमटली. ती बॉम, म्हणजे बाइट ऑर्डर मार्क. एक्सेलमधून ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ म्हणून फाइल जतन केली की फाइलच्या अगदी सुरुवातीला ही खूण बसते. साल्हेर पहिल्या ओळीच्या पहिल्या खणात होता, म्हणून त्याच्यावर आली. याचा उपाय साफसफाईत नाही, फाइल वाचण्यात आहे: एन्कोडिंग म्हणून ‘यूटीएफ-८-सिग’ द्यायचं, बॉम आत येतच नाही. मी एवढंच केलं आणि साल्हेर मिळाला.

खांदेरीची गोष्ट जास्त चिवट. नावामागे एक साधी स्पेस आणि तिच्यामागे झीरो-विड्थ स्पेस, म्हणजे शून्य रुंदीचं अदृश्य चिन्ह. नावात स्पेस असली तरी युनिकोड, म्हणजे संगणकातल्या अक्षरचिन्हांचं मानक, तिला मोकळी जागा मानत नाही, ती ‘फॉरमॅट’ या वर्गात येते. त्यामुळे स्प्लिट तिच्यावर तोडत नाही, आणि स्ट्रिपला टोकाला ती भेटते म्हणून तिच्या आतली खरी स्पेसही वाचते. म्हणजे आधी अदृश्य चिन्हं काढायची आणि मगच मोकळी जागा. क्रम उलटा झाला की नाव साफ दिसतं आणि जुळत नाही.

मग मी या संपूर्ण कामातली सगळ्यात मोठी चूक केली. झीरो-विड्थ स्पेस ‘फॉरमॅट’ वर्गात येते ना, मग त्या वर्गातलं प्रत्येक चिन्ह उडवून टाकू, असा नियम लिहिला. युनिकोडडेटा मॉड्यूलला प्रत्येक चिन्हाचा वर्ग विचारायचा, ‘सीएफ’ (म्हणजे फॉरमॅट) आला की वगळायचं. दोन ओळींचं काम. रिकर्शन होतंच, सगळ्या पातळ्यांवर ते एकदम लागू झालं. अकरा किल्ले जुळले. मी नवी फाइल ग्रुपवर टाकली आणि झोपले.

दरीचा दर्या

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या ग्रुपमधल्या एका ज्येष्ठ काकांचा फोन आला. बहुतेक वाटांची वर्णनं त्यांनीच लिहिलेली आहेत, अनेक वर्षं चालून चालून. ते म्हणाले, “अगं, हरिहरच्या नोंदीत माझ्या पायऱ्या बिघडल्यात. आणि खालच्या ओळीत दोन्ही बाजूंना दर्या आहेत असं आलंय. नवीन मुलं हे वाचून जातात गं.”

फाइल उघडली. हरिहरच्या खोदीव ‘पायऱ्या’ होत्या तिथे ‘पायर्या’ झालं होतं. ‘दऱ्या’च्या जागी ‘दर्या’. दरीचं अनेकवचन जाऊन समुद्र आला होता.

कारण असं. मराठीतला हा अर्धा र, ज्याची आडवी खूण आपण पुढच्या अक्षराच्या डावीकडे काढतो, संगणकात दोन प्रकारे लिहिला जातो. एक प्रकार ऱ हे अक्षर वापरतो: द, ऱ, हलन्ताची खूण, य, काना, अशी पाच चिन्हं. दुसरा साधा र घेतो आणि हलन्तानंतर झीरो-विड्थ जॉइनर नावाचं अदृश्य चिन्ह ठेवतो, म्हणजे सहा चिन्हं. युनिकोडच्या नियमांत दोन्ही चालतात आणि पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. काकांचा कीबोर्ड दुसऱ्या प्रकारे लिहीत होता. तो जॉइनर ‘सीएफ’ वर्गात येतो. मी तो उडवला, आणि जे उरलं त्यात र हा रफार होऊन य च्या डोक्यावर बसला.

हे नुसतं दिसण्याचं बिघडणं नाही. आचाऱ्यास म्हणजे स्वयंपाक्याला, आचार्यास म्हणजे गुरूला, हा भेद आपण शाळेत शिकतो. जे चिन्ह मी कचरा समजून झाडलं ते त्या अक्षराचा भाग होतं. इंग्रजी मजकुरावर लिहिलेले साफसफाईचे तयार तुकडे बहुधा असंच करतात आणि तिथे काही बिघडत नाही, म्हणून ते हातोहात फिरतात. मराठी मजकुरावर ते लावणाऱ्याला एरर येत नाही. काकांसारखा वाचणारा हवा, नाहीतर ते कुणाच्या लक्षातही येत नाही.

मूळ सीएसव्हीला मी हात लावला नव्हता, म्हणून वाचले. जॉइनर काढून टाकलेल्या फाइलवरून ‘पायऱ्या’ परत आणता आल्या नसत्या. खरा रफार कुठला आणि मोडलेला र कुठला, हे कोडला कसं कळणार? ‘सूर्या’तला रफार योग्यच आहे.

काकांशी बोलताना आणखी एक गोष्ट उघड झाली. ते म्हणाले, “पूर्वीही पायऱ्या शोधल्या की निम्म्याच नोंदी यायच्या. मला वाटायचं बाकीच्यांनी लिहिलंच नाही.” लिहिलं होतं, पण दुसऱ्या प्रकारे. म्हणजे माझ्या घोळाच्या आधीपासून आमची यादी दोन लिप्यांत विभागल्यासारखी होती.

शेवटी जे ठेवलं

साफसफाई पुन्हा पहिल्यापासून लिहिली. रिकर्शनचा सांगाडा तोच राहिला. फक्त स्ट्रिंगचं काय करायचं ते त्याच्या आत न लिहिता बाहेरून एक फंक्शन म्हणून देते, म्हणजे नावांना एक नियम आणि वर्णनांना दुसरा लावता येतो. हे गरजेचं होतं, कारण वर्णनांत काकांनी टप्प्याटप्प्याला नवी ओळ केलेली आहे आणि स्प्लिट-जॉइनने सगळ्या ओळी एका सलग दोरीत ओवल्या गेल्या होत्या. पायथ्यापासून माथ्यापर्यंतची वाट श्वास न घेता वाचावी लागत होती. आता वर्णन आधी ओळींत तोडते, प्रत्येक ओळ वेगळी साफ करते आणि ओळी पुन्हा जोडते.

एका स्ट्रिंगवरचा क्रम असा बसला. आधी एनएफसी सामान्यीकरण, म्हणजे कुणी र आणि त्याखाली नुक्ता असं लिहिलं असेल तर त्याचा एकच ऱ होतो. मग र, हलन्त आणि जॉइनर हा तिघांचा क्रम जिथे दिसेल तिथे ऱ आणि हलन्त. अदृश्य चिन्हांपैकी कुठलंही काढण्याच्या आधी हे व्हायलाच हवं. त्यानंतर मोजकी चिन्हं ट्रान्सलेटने उडवते: झीरो-विड्थ स्पेस, चुकून मधे राहिलेली बॉम, सॉफ्ट हायफन आणि मजकुराची दिशा सांगणाऱ्या दोन खुणा. ही यादी हाताने लिहिलेली आहे आणि वर्गाचं नाव देऊन ती छोटी करण्याचा मोह मी आता धरत नाही. सगळ्यात शेवटी मोकळी जागा.

उरलेले जॉइनर आणि नॉन-जॉइनर दाखवायच्या मजकुरात तसेच राहतात. ‘उद्‌ध्वस्त वाडे’ असं लिहिताना कुणी द आणि ध वेगळे दिसावेत म्हणून नॉन-जॉइनर घातला असेल, तर तो लिहिणाऱ्याचा हक्क आहे. पण शोधणारा तसं टाइप करेलच असं नाही. म्हणून शोधासाठी प्रत्येक स्ट्रिंगची एक वेगळी प्रत बनते, आणि त्या प्रतीतून ही दोन्ही चिन्हं जातात. वाचायला एक, जुळवायला एक. दोन्ही कामं एकाच मजकुराकडून करून घ्यायला गेले होते, तिथेच सगळं अडलं होतं.

एनएफकेसी हा जास्त जोरकस प्रकारही वापरून पाहिला, कारण तो नॉन-ब्रेकिंग स्पेसची आपोआप साधी स्पेस करतो. पण चढाईला ‘२½ तास’ लिहिलेल्या नोंदीत त्याने ½ फोडून १, तिरकी रेघ आणि २ असे तीन भाग केले, तेही इंग्रजी अंकांत. आधीच्या देवनागरी २ ला ते चिकटले आणि अडीच तासांचा अर्थच गेला. लगेच काढून टाकला.

रिकाम्या स्ट्रिंगचा प्रश्न वेगळाच निघाला. साफ केल्यावर काही खण पूर्ण रिकामे झाले, कारण त्यात फक्त स्पेस होत्या. माच्यांच्या लिस्टमधून रिकामी स्ट्रिंग काढली तर चांगलंच, शेवटी चुकून दिलेल्या अर्धविरामामुळे आलेली असते. पण किल्ल्याच्या ओळीत जागेला अर्थ आहे: पहिला खण नाव, दुसरा तालुका, तिसरा उंची. तिथून रिकामा तालुका काढला की उंची तालुक्याच्या जागी सरकते. म्हणून आतल्या लिस्टमधून रिकामं काढायचं, ओळीतून नाही. आणि दरवाजे-माच्यांचे खण आता अर्धविराम असो वा नसो, नेहमीच लिस्ट होतात. बिनी दरवाजाही एकट्याच्याच का होईना, लिस्टमध्ये आहे.

आणखी एक सवय लावून घेतली आहे. साफ करताना फंक्शन प्रत्येक बदललेल्या स्ट्रिंगची आधीची आणि नंतरची प्रत रेप्रमध्ये एका फाइलीत लिहितं, कुठल्या जिल्ह्यातल्या कुठल्या किल्ल्याची ते धरून. पहिल्यांदा ही फाइल असती तर ‘दऱ्या’ची ‘दर्या’ झालेली ओळ मला रात्रीच दिसली असती. शिवाय साफ झालेली लिस्ट पुन्हा एकदा त्याच फंक्शनमधून काढते आणि काही बदललं का ते पाहते. दुसऱ्या फेरीत काही बदललं तर पहिल्या फेरीचा क्रम चुकलेला आहे.

नवी फाइल आधी काकांकडे पाठवली, मग ग्रुपवर. अकरा किल्ले जुळले, पायऱ्या शोधल्यावर सगळ्या नोंदी आल्या. साफसफाईनंतर एक गोष्ट मात्र अनपेक्षित वर आली: राजगड आता यादीत दोनदा दिसतो. मागे एक स्पेस असलेला आणि मागे दोन स्पेस असलेला, असे दोन राजगड इतकी वर्षं शेजारी नांदत होते. एकात माच्या भरलेल्या आहेत, दुसऱ्यात दरवाजे, आणि वाटेचं वर्णन दोन्हींत वेगवेगळ्या वाटेचं. ते कोडने एकत्र करायचे नाहीत असं ठरवलंय. येत्या रविवारी काका आणि मी समोरासमोर बसून ओळ न् ओळ वाचणार आहोत.